दाढ दुखण्याआधी

‘गप्प बस, नाहीतर डॉक्टरांकडून सुई टोचवीन!’ असे आपण मुलांना किती सहज म्हणतो! मूल तेवढ्यापुरते गप्प बसते खरे, पण ती सुई त्याच्या मनात घर करते. पुढे दाढ किडली की तेच मूल दवाखान्यात तोंड घट्ट मिटून घेते.

जव्हार-मोखाड्याकडे या भीतीला आणखी एक कारण आहे. पाड्यावरून चालत येऊन एस. टी. गाठायची, दिवसाची मजुरी बुडवायची. म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. गाल सुजला, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, की मग धावाधाव. अशा वेळी बहुधा दाढ काढावीच लागते. म्हणजे पोराची नि दंतवैद्याची पहिली ओळख चिमट्यानेच! पुन्हा ते कशाला जाईल?

तेव्हा काही दुखत नसताना एकदा न्यावे. त्या दिवशी नुसते खुर्चीत बसणे, आरसा पाहणे, दात मोजून घेणे, एवढेच. १९५९ साली अमेरिकेत अ‍ॅडल्स्टन नावाच्या दंतवैद्याने एक साधी रीत मांडली: आधी सांगा, मग दाखवा, मग करा. आजही मुलांचे दंतवैद्य याच रीतीने चालतात. हत्यार तोंडात घालण्याआधी ते मुलाच्या नखावर फिरवून दाखवतात. ‘दुखलं तर डावा हात वर कर, मी थांबेन,’ असे सांगतात, आणि थांबतातही. थांबले नाहीत तर सगळेच फुकट.

आईबापांनीही ‘मुळीच दुखणार नाही’ अशी थाप मारू नये. ‘डास चावल्यासारखं वाटेल,’ म्हणावे. मूल खोटे बरोबर ओळखते.

पुष्कळांना यंत्राची घरघरच भिववते. कीड लहान असेल तर यंत्राविनाही काम भागते. १९८०च्या दशकात टांझानियात, वीज नसलेल्या गावांसाठी, हातातल्या हत्यारांनी कीड खरवडून सिमेंट भरण्याची पद्धत निघाली. बहुतेकदा सुईही लागत नाही. ही सोय आपल्याकडे होईल का, हे दंतवैद्याला जरूर विचारावे.

‘दुधाचे दात, पडायचेच की!’ असे म्हणून सोडू नका. सहाव्या वर्षाच्या सुमारास मागे एक दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून ती दुधाचीच वाटते. पण ती कायमची असते.

२०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुले तपासतात, त्यांत दातही पाहतात. पथकाने चिठ्ठी दिली तर ती खुंटीला लावून ठेवू नये. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, मग मूल हाती लागत नाही. पावसाळा सरल्यावर मधले जे दिवस मिळतात, त्यांत जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. दंतवैद्य कोणत्या दिवशी असतात, ते आधी आशाताईंकडून विचारून घ्यावे, हेलपाटा वाचेल.

आणि परतताना ‘रडलास का रे?’ असे विचारू नका. ‘आरशात काय दिसलं?’ असे विचारा.