रक्त दिले, लोहाचे काय?

थॅलेसिमिया मेजर हा आनुवंशिक विकार घेऊन जन्मलेल्या बालकाच्या शरीरात पुरेसे सुदृढ रक्त तयार होत नाही. दर दोन ते चार आठवड्यांनी त्याला दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते आणि तेही आयुष्यभर. रक्तदानाची चळवळ महाराष्ट्रात रुजलेली असल्याने या गरजेची जाणीव समाजाला आहे. परंतु जे रक्त या मुलांना जगविते, तेच पुढे त्यांच्या जिवावर उठते, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

रक्ताच्या एका पिशवीबरोबर सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. निरोगी माणूस दिवसाकाठी अन्नातून एक-दोन मिलिग्रॅम लोह घेतो आणि जवळजवळ तेवढेच गमावतो. त्याहून जादा लोह बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने मानवी देहात केलेली नाही. साहजिकच ते यकृतात, अंतःस्रावी ग्रंथींत आणि हृदयात साचत राहते. वाढ खुंटते, मधुमेह जडतो आणि अखेर हृदय थकते. नियमित रक्त मिळणाऱ्या रुग्णांतही मृत्यूचे प्रमुख कारण दीर्घकाळ हेच राहिले आहे.

लोह बाहेर काढणारी औषधे आहेत. डेफेरोक्सामिन त्वचेखाली सुई ठेवून तासन्‌तास घ्यावे लागते; डेफेरिप्रोन व डेफेरासिरॉक्स ही तोंडाने घेता येतात. पण लोह कोठे आणि किती साचले आहे हे कळल्यावाचून औषधाची योजना करणे म्हणजे अंधारात बाण मारणेच होय. रक्तातील फेरिटिनची तपासणी स्वस्त व सुलभ असली, तरी ज्वर वा दाह असता तो आकडा वाढतो, आणि हृदयाची स्थिती तर तो सांगतच नाही. यकृतात सुई खुपसून काढलेला तुकडाही केवळ यकृताचीच साक्ष देतो.

ही कोंडी २००१ साली लंडनमधील अँडरसन, पेनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी फोडली. साचलेले लोह भोवतीचे चुंबकीय क्षेत्र विस्कळीत करते आणि त्यामुळे एमआरआय यंत्रातील संकेत लवकर मावळतो. तो किती वेगाने मावळतो, याचे ‘टी-टू-स्टार’ नावाचे माप त्यांनी हृदयासाठी वापरले. हे माप २० मिलिसेकंदांखाली गेले तर हृदयात लोह साचले आहे असे समजावे. १० च्या खाली गेले तर धोका निकट आला असे मानावे. विशेष म्हणजे हृदयातील लोहाचा फेरिटिनशी किंवा यकृतातील लोहाशी मेळ बसत नाही, असे त्यांना आढळले. उपचार नेटाने सुरू झाले की यकृत तुलनेने लवकर मोकळे होते, हृदयाला मात्र वर्षे लागतात. म्हणूनच समाधानकारक अहवाल हाती असलेला तरुणही अकस्मात हृदयविकाराने दगावू शकतो. ही तपासणी रुळल्यानंतर ब्रिटनमध्ये हृदयातील लोहाने होणारे मृत्यू निम्म्याहूनही खाली आले.

विवाहापूर्वी वाहकांची तपासणी करून हा विकारच टाळावा, असे म्हटले जाते. ते योग्यच आहे. परंतु जी मुले आज जगत आहेत त्यांचे काय? २०१६ च्या कायद्याने थॅलेसिमियाला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. त्या मान्यतेला प्रत्यक्ष उपचारांची जोड हवी. एमआरआय यंत्रे आता मोठ्या शहरांत दुर्मिळ नाहीत. या मापनासाठी लागते ती योग्य संगणक-प्रणाली आणि प्रतिमा वाचणारा प्रशिक्षित डॉक्टर. टोचणे नाही, औषध सोडणे नाही. काही मिनिटे स्थिर पडून राहावे लागते आणि मधूनमधून काही सेकंद श्वास रोखावा लागतो, इतकेच. जेथे या मुलांना रक्त दिले जाते, त्या प्रत्येक सार्वजनिक केंद्राची सांगड अशा यंत्राशी घालून, दहाव्या वर्षाच्या सुमारापासून वर्षातून एकदा ही तपासणी विनामूल्य व्हावयास हवी.

महिन्यामागून महिने रोजगार बुडवून मुलाला रक्त चढविण्यास नेणाऱ्या मातापित्यांवर याही खर्चाचा भार टाकणे न्याय्य नव्हे. रक्त देणाऱ्या समाजाने त्या रक्ताबरोबर गेलेल्या लोहाची जबाबदारीही पत्करली पाहिजे.