पेशीचे तोंड कोणीकडे? आतड्याच्या अस्तराची ध्रुवता आणि औषधांची परीक्षा

काही महिन्यांपूर्वी एका औषधनिर्मात्याच्या प्रतिनिधीने ग्रहणीविकारावरील एका कल्पाचे माहितीपत्रक माझ्या हाती दिले. ‘आतड्याच्या ऑर्गनॉइडवर परीक्षित’ असे त्यावर ठळक अक्षरांत छापलेले होते. ‘औषध पेशीच्या कोणत्या बाजूस लावले होते?’ असे विचारताच ते गृहस्थ गोंधळले. प्रश्न त्यांना विचित्र वाटला असावा. परंतु त्या दाव्याचे मोल बहुतांशी याच प्रश्नावर अवलंबून आहे. म्हणून हा विषय वैद्यबंधूंपुढे व औषधविक्रेत्यांपुढे मांडत आहे.

दोन बाजूंची पेशी

शरीरातील पोकळ अवयवांना आतून पेशींचे सलग अस्तर असते. त्यास अभिस्तर म्हणतात. लहान आतड्यातील अभिस्तर पेशीला दोन भिन्न बाजू असतात. अन्नाकडील बाजूवर सूक्ष्म अंकुरांची दाटी असते, तर तळाची बाजू रक्तवाहिन्यांकडे असते. या भेदास ध्रुवता असे नाव आहे.

तिचे व्यावहारिक महत्त्व जलसंजीवनीत दिसते. अन्नाकडील बाजूवरील एसजीएलटी-१ हे प्रथिन सोडियम व ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेते. तळाच्या व कडेच्या बाजूवरील पंप सोडियम पलीकडे लोटतो, आणि पाणी त्यांच्या मागोमाग जाते. सोडियम-ग्लुकोजच्या या जोडवहनाची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजच्या द्रावणाने असंख्य अतिसारग्रस्तांचे प्राण वाचविले. पंप व वाहक एकाच बाजूस असते, तर हे शोषण घडलेच नसते.

ध्रुवता येते कशी, टिकते कशी?

पेशीला प्रथम ‘खाली कोठे’ हे कळावे लागते. अस्तराखालील आधारपटलात लॅमिनिन नावाचे प्रथिन असते. पेशीच्या पृष्ठावरील इंटिग्रिन त्यास स्पर्श करतात व तळ निश्चित होतो. शेजारच्या पेशींशी जुळणारे सांधे कडा ठरवितात. यानंतर पेशीच्या आत दोन गट आपापली हद्द राखतात : पार-३, पार-६ व एपीकेसी हा वरच्या बाजूचा, तर स्क्रिबल व त्याचे सहकारी हा कडेचा. प्रत्येक गट दुसऱ्यास आपल्या हद्दीतून हुसकावतो. शेताचा बांध दोन्ही शेजाऱ्यांच्या जागरूकतेने टिकावा, तसाच हा प्रकार होय. पार जनुकांचा शोध केनेथ केम्फ्यूस व सहकाऱ्यांनी १९८८ साली एका सूक्ष्म कृमीच्या अंड्यात लावला. आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होते. म्हणजे ही हद्द प्रत्येक नव्या पेशीला पुन्हा आखावी लागते.

हद्द मोडल्यास व्याधी उद्भवते. मायो-५बी या जनुकातील दोषामुळे काही नवजात अर्भकांत अंकुर पेशीच्या पृष्ठावर न येता आतच अडकतात व असाध्यप्राय अतिसार होतो. जठरातील हेलिकोबॅक्टर जंतूचे कॅग-ए हे प्रथिन पार-१ला निष्क्रिय करून पेशींचे सांधे व ध्रुवता बिघडविते. या प्रथिनाचा जठराच्या कर्करोगाशी संबंध आहे.

ऑर्गनॉइड आणि उलटे आतडे

२००९ साली नेदरलँड्समध्ये तोशिरो सातो व हान्स क्लेव्हर्स यांनी उंदराच्या आतड्यातील एकाच मूलपेशीपासून आतड्याची सूक्ष्म प्रतिकृती वाढविली. त्यासाठी लॅमिनिनयुक्त जेलीसारखे माध्यम वापरतात. माध्यम बाहेरून असल्याने पेशींचा तळ बाहेर व अन्नाची बाजू आतल्या बंद पोकळीकडे राहते.

येथेच माहितीपत्रकातील दाव्याची मेख आहे. द्रवात औषध मिसळले की ते प्रथम पेशीच्या तळास, म्हणजे रक्ताकडील बाजूस लागते. आपला रुग्ण मात्र चूर्ण वा काढा मुखाने घेतो आणि तो अन्नाकडील बाजूस पोहोचतो. २०१९ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ते माध्यम काढून घेतल्यावर ऑर्गनॉइड उलटते व अन्नाची बाजू बाहेर येते, असे दाखविले. औषध सूक्ष्म सुईने पोकळीत सोडता येते, अथवा पेशींचा सपाट थर सच्छिद्र पडद्यावर वाढवून वरून देता येते.

आपले कर्तव्य

सुश्रुतांनी शारीरस्थानात धातू व आशय यांमधील मर्यादा म्हणून सात कला वर्णिल्या आहेत; त्यांतील पित्तधरा कलेचा संबंध ग्रहणीशी आहे. मर्यादेचा हा विचार आपणांस परिचित असल्याने अभिस्तराचे महत्त्व आपणांस लवकर पटेल. तथापि कला म्हणजेच ध्रुवता असे समीकरण मांडणे उचित नव्हे. एक निरीक्षण शरीराच्या पातळीवरचे, दुसरे रेणूंच्या. त्यांना ओढूनताणून एक केल्यास दोन्ही शास्त्रांवर अन्याय होतो.

यापुढे असे माहितीपत्रक हाती आल्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत : औषध पेशीच्या कोणत्या बाजूस दिले? ते जठर व पाचकस्रावांतून जाऊन जसे होते तसे दिले, की कच्चा अर्क दिला? आणि वापरलेली मात्रा आतड्यात खरोखर पोहोचू शकते काय? समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत ‘परीक्षित’ या शब्दावर रुग्णास औषध देऊ नये व दुकानाच्या दर्शनी भागात ते मांडूही नये. कल्प गुणकारी असेल, तर या प्रश्नांनी त्याचे काहीच बिघडणार नाही.