थंडी, बोटे आणि संगणक

नाशिक जिल्ह्यातला निफाड तालुका द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. तसाच तो थंडीसाठीही प्रसिद्ध आहे. डिसेंबर २०१८ मध्ये तेथे पारा २ अंशांच्याही खाली उतरला होता. अशा थंडीत शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात. पण संगणकापुढे, म्हणजे कंप्युटरपुढे, बसून काम करणाऱ्याने काय करावे?

पौष महिना होता. सकाळीच मी सात-बाराचा उतारा काढायला एका सेवा केंद्रात गेलो. वारा येतो म्हणून दुकानाचे शटर जवळजवळ खाली ओढलेले होते. आत एक मुलगी कंप्युटरवर बसली होती.

ती म्हणाली, "गुरुजी, थोडं थांबा. आज बोटंच वळत नाहीत."

बोटे का वळत नाहीत? आपल्या शरीराची उष्णता सुमारे ३७ अंश असते. थंडी वाढली की शरीर आधी काळीज, फुप्फुसे, मेंदू यांची ऊब राखते. त्यासाठी हातापायांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. बोटांकडे रक्त कमी जाते आणि ती काकडतात. लाकडे फोडणाऱ्याला थंडी वाजत नाही, कारण हलणारे स्नायू उष्णता तयार करतात. बसून काम करणाऱ्याचे तसे नसते.

म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि ऊब टिकते. कान आणि पाय झाकावेत. अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालावे, हात चोळावेत. पडद्याकडे टक लावून पाहिले की पापण्या कमी लवतात. त्यात हवा कोरडी, म्हणून डोळे चुरचुरतात. दर २० मिनिटांनी थोडे लांब पाहावे आणि पापण्या मिटून उघडाव्यात.

माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. रेशनकार्डाच्या कामासाठी त्यांचा अंगठा यंत्रावर उमटत नव्हता.

आजी म्हणाल्या, "मास्तर, मी साक्षरता वर्गात जाऊन सही शिकले. आता पुन्हा अंगठाच मागतात, अन् तोही पटत नाही!"

त्यात आजींचा काय दोष? कष्टाने आणि वयाने बोटांवरच्या रेषा झिजतात. थंडीत कातडी कोरडी पडते, फुटते. मग यंत्राला रेषा नीट दिसत नाहीत. रात्री हाताला थोडे तेल चोळावे. सकाळी कोमट पाण्याने हात धुऊन, पुसून मग बोट ठेवावे. तेलकट बोट ठेवू नये. तरीही जमले नाही, तर दुसरे बोट लावून पाहावे. डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा मोबाइलवर येणाऱ्या आकड्यावरून ओळख पटवता येईल का, हे विचारावे. नुसते "अंगठा येत नाही" एवढे ऐकून घरी परतू नये.

तेवढ्यात माझे लक्ष टेबलाखाली गेले. तेथे घमेल्यात कोळशाचे निखारे होते. मी मुलीला विचारले, "डोकं दुखतं का गं?"

"हो, सकाळपासून जड आहे. मला वाटलं, थंडीनं असेल."

मी उठून शटर वर केले. आधी त्या दोघींना बाहेर उन्हात बसवले, मग घमेलेही बाहेर नेले. थोड्या वेळाने मुलीला बरे वाटले.

मंडळी, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. कोंडलेल्या जागेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नसला तरी तो असतो. आपले रक्त सर्व शरीराला प्राणवायू पोचवते. हा वायू रक्ताला प्राणवायूपेक्षा फार घट्ट चिकटतो, म्हणून प्राणवायूला जागा उरत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. झोपलेला माणूस तर झोपेतच दगावतो. बंद खोलीत शेगडी ठेवून कधीही झोपू नये. कुणाला असा त्रास झाला, तर त्याला लगेच मोकळ्या हवेत न्यावे. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेथून गेलो. शटर पूर्ण उघडे होते. मुलीने टेबल उन्हाच्या बाजूला सरकवले होते. पायांत मोजे होते आणि घमेले दाराबाहेर पालथे पडले होते.