विश्लेषण : ओटीपी कोणालाही सांगितला नाही, तरी पैसे जातात कसे? एपीके, डोमेन, एचटीटीपीएस म्हणजे काय?

‘तुमच्या वाहनाचे चलन थकले आहे. तपशिलासाठी सोबतची फाइल पाहा,’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर येतो. फाइलचे नाव असते ‘आरटीओ चलन’. कधी ती लग्नपत्रिका असते, तर कधी वीजबिल. फाइल उघडून ‘इन्स्टॉल’ आणि ‘अलाऊ’ केले, दंड भरण्यासाठी कार्डाचा तपशील टाकला, की थोड्या वेळाने खात्यातून मोठी रक्कम गेल्याचे कळते. ‘ओटीपी तर कोणालाच सांगितला नव्हता,’ असे फसवणूक झालेली व्यक्ती सांगते आणि ते खरेही असते. मग पैसे गेले कसे? याचे उत्तर मोबाइलवर रोज दिसणाऱ्या, पण कोणी समजावून न सांगितलेल्या काही शब्दांत आहे.

एपीके म्हणजे काय?

फोटोच्या फाइलच्या नावाशेवटी ‘जेपीजी’ असते, कागदपत्राच्या शेवटी ‘पीडीएफ’. या शेवटच्या अक्षरांना एक्स्टेन्शन म्हणतात. फाइल कोणत्या प्रकारची आहे, हे त्यावरून कळते. ‘एपीके’ हे अँड्रॉइड ॲपचे एक्स्टेन्शन आहे. म्हणजे नावात ‘चलन’ किंवा ‘पत्रिका’ असले, तरी शेवटी एपीके असेल तर ती पावती नाही आणि पत्रिकाही नाही, ते ॲप आहे. पावती पाहण्यासाठी काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही. प्ले स्टोअरबाहेरचे ॲप घेताना फोन ‘अननोन सोर्स’ असा इशारा देतो. तो इशारा म्हणजे थांबण्याची जागा.

ओटीपी न सांगता चोरट्याकडे कसा पोहोचतो?

ओटीपी म्हणजे एकदाच वापरता येणारा पासवर्ड. व्यवहार करणाऱ्याच्या हातात खातेदाराचाच फोन आहे का, हे बँक त्यावरून तपासते. दुसरा शब्द ‘परमिशन’. कॅमेरा, संपर्क यादी, मेसेज यांपैकी काय वापरू द्यायचे, हे प्रत्येक ॲप फोनच्या मालकाला विचारते. खोट्या चलनाच्या ॲपला मेसेज वाचण्याची परवानगी मिळाली, की पुढचे सोपे होते. त्यात भरलेला कार्डाचा तपशील चोरटा दुसरीकडे वापरतो. बँक ओटीपी पाठवते आणि ॲप तो परस्पर चोरट्याकडे पोहोचवते. त्यामुळे ‘ओटीपी सांगू नका’ हा सल्ला आता अपुरा आहे. मेसेज वाचण्याची परवानगी देणे म्हणजे पुढचे सगळे ओटीपी आधीच सांगून ठेवणे. चलनाच्या पावतीला तुमचे मेसेज कशाला वाचायचे आहेत, हा प्रश्न ‘अलाऊ’ दाबण्याआधी विचारायला हवा.

डोमेन म्हणजे काय? पत्ता कुठून वाचायचा?

फाइलऐवजी लिंक आली, तर तिचा पत्ता वाचता यायला हवा. संकेतस्थळाच्या पूर्ण पत्त्याला यूआरएल आणि त्यातील मुख्य नावाला डोमेन म्हणतात. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचा. पत्रावरही गल्लीचे नाव आधी आणि तालुका, जिल्हा शेवटी असतो. पत्र कोणत्या गावी जाणार, हे त्या शेवटच्या ओळींवर ठरते. डोमेनचेही तसेच आहे.

समजा, पत्ता ‘परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन डॉट चलन-भरा डॉट कॉम’ असा आहे. सुरुवातीला सरकारी नाव दिसले, तरी खरे डोमेन ‘चलन-भरा डॉट कॉम’ आहे. असे नाव कोणीही थोड्या पैशांत नोंदवू शकतो. ‘जीओव्ही डॉट इन’ मात्र फक्त सरकारी यंत्रणांना मिळते आणि ते पत्त्याच्या शेवटीच असायला हवे. टिंबाच्या जागी आडवी रेघ असेल, तर ते डोमेन वेगळे.

बँकांसाठीही अशीच सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये परिपत्रक काढून बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या डोमेनवर जाण्यास सांगितले. हे डोमेन फक्त बँकांसाठी राखीव आहे.

एचटीटीपीएस आणि कुलूप असले म्हणजे संकेतस्थळ खरे का?

नाही. एचटीटीपीएस म्हणजे तुमचा फोन आणि संकेतस्थळ यांच्यातील माहिती सांकेतिक रूपात जाते, वाटेत कोणी वाचू शकत नाही. पण पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे, याची ती हमी नव्हे. चोरट्याच्या संकेतस्थळालाही एचटीटीपीएस मिळते. लोकांचा हा गैरसमज होत असल्याने गुगलने २०२३ मध्ये क्रोमच्या ॲड्रेस बारमधील कुलपाचे चिन्हच बदलले.

ब्राउझर आणि सर्च इंजिन एकच का?

क्रोम हा ब्राउझर, म्हणजे संकेतस्थळे उघडून दाखवणारे ॲप. गुगल हे सर्च इंजिन, म्हणजे संकेतस्थळे शोधून देणारी सेवा. शोधल्यावर सर्वांत वर येणारा निकाल ‘स्पॉन्सर्ड’ असेल, तर ती पैसे देऊन केलेली जाहिरात आहे. बँकेचा ‘कस्टमर केअर’ क्रमांक असा शोधू नये. तो कार्डाच्या मागे किंवा पासबुकवर असतो. चलनही लिंकवरून न पाहता परिवहन किंवा वाहतूक पोलिसांच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः जाऊन, वाहन क्रमांक टाकून तपासावे.

एपीके इन्स्टॉल झालेच असेल तर?

आधी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा, म्हणजे ॲपला इंटरनेटवरून ओटीपी पाठवता येणार नाही. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड आणि नेटबँकिंग थांबवा. पैसे गेले असतील, तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. चोरटे रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळवत असतात. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी ती वाटेत गोठवली जाण्याची शक्यता अधिक. त्यानंतर ते ॲप काढून टाका आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. ॲप निघत नसेल, तर फोटो आणि संपर्क जपून फोन ‘फॅक्टरी रीसेट’ करा.

घरातील ज्येष्ठांना नुसते ‘लिंकवर क्लिक करू नका’ सांगून भागत नाही, कारण गॅस, बँक, रेल्वे अशी सगळी कामे आता लिंकवरच होतात. त्याऐवजी दोन सवयी लावून द्याव्यात : फाइलच्या नावाचा शेवट पाहायचा आणि पत्ता उजवीकडून वाचायचा.