गुहागर : वाळूत गाडी घालू नका, प्लीज!

वीकेंडला 'कोकण' म्हटलं की ऑफिसातले निम्मे लोक अलिबाग धरतात, उरलेले गोव्याची स्वप्नं बघतात. पण लाँग वीकेंड हाताशी असेल आणि चौघांत मिळून एक बरी गाडी असेल, तर दापोलीच्या पुढे उतरा. दाभोळला रस्ता संपतो, समोर वाशिष्ठीची खाडी, आणि गाडी थेट फेरीबोटीवर! जेमतेम दहा मिनिटांत पलीकडे धोपावे. ही फेरी चुकवून चिपळूणवरून वळसा घालणाऱ्यांची खरंच कीव येते. धोपाव्यापासून अर्ध्या तासात गुहागर.

गुहागर म्हणजे खरं तर एक लांबच लांब रस्ता. वरचा पाट, खालचा पाट आणि मध्ये व्याडेश्वराचं देऊळ. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरं. समुद्राकडच्या घराच्या मागच्या बेड्यातून बाहेर पडलं की सुरूचं बन, आणि मग किनारा. सलग, सपाट, मैलोन्मैल. वॉटर स्पोर्ट्स, शॅक्स, डीजे असलं शोधत असाल तर बॉस, रस्ता चुकलात. इथे दुपारी एक ते चार अख्खं गाव झोपतं. तुम्हीही झोपा! घरगुती राहण्याची सोय भरपूर आहे, फक्त जेवण सकाळीच सांगून ठेवायचं. काकू विचारतात, 'मोदक किती करू?' उत्तर देताना लाजू नका, माणशी पाच तर हवेतच.

थोडा इतिहासही आहे. जवळच्या अंजनवेलला गोपाळगड आहे आणि त्याच टापूत तो गाजलेला वीजप्रकल्प. एन्रॉन 2001 मध्ये बुडाली, प्रकल्प पुढे सरकारी कंपन्यांच्या हाती गेला. नव्वदच्या दशकात रोज पेपरात झळकणारं हे नाव आणि पलीकडचं हे सुस्त गाव, दोन्ही एकाच तालुक्यातली यावर विश्वास बसत नाही.

पण गुहागरचे खरे व्हीआयपी पाहुणे वेगळेच. हिवाळ्यात रात्रीच्या अंधारात ऑलिव्ह रिडले कासविणी इथे अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभरेक अंडी, पिल्लं बाहेर पडायला साधारण पन्नास दिवस. वनखातं आणि गावातले कासवमित्र अंडी कुंपणाच्या आत हलवतात आणि पिल्लं समुद्रात सोडतात. 2022 मध्ये इथल्या कासविणींना सॅटेलाइट टॅग लावले गेले, 2023 मध्ये टॅग लावलेली 'बागेश्री' तर दक्षिणेचं टोक ओलांडून बंगालच्या उपसागरात पोचली! उलटा प्रवासही झालाय. 2021 मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक कासवीण जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. आपण मुंबई-गुहागर ड्राइव्ह केल्याचं कौतुक सांगत फिरतो!

आणि याच वाळूत काही हिरो फोर बाय फोर घालतात, व्हिडिओसाठी. चाकाखाली घरटं आलं तर वरून काही कळतही नाही. चाकोरीत पडलेलं बोटभर पिल्लू बाहेर येऊ शकत नाही, उजाडलं की कावळे टिपून नेतात. त्यामुळे गाडी सुरूच्या बनाअलीकडेच लावायची. रात्री किनाऱ्यावर टॉर्च आणि फ्लॅश बंद, कारण कासवीण उजेड बघून माघारी फिरते आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने भलतीकडे जातात. अडीच-तीन महिन्यांचा प्रश्न नाही, नोव्हेंबर ते मे हा सगळाच त्यांचा सीझन. फेब्रुवारीनंतर गेलात तर पिल्लं सोडताना बघायला मिळू शकतात. वनखात्याच्या माणसांना विचारा, दोरीच्या अलीकडे उभे राहा.

गर्दी वाढणार हे नक्की. रेवस-रेड्डी सागरी मार्गासाठी खाड्यांवर पूल बांधायचं ठरलंय. आपल्याला फेरीबोट रोमँटिक वाटते, पण रात्री पेशंट घेऊन निघणाऱ्या गावकऱ्याला पूलच हवा, आणि त्यात काही चूक नाही. फक्त पूल झाल्यावर येणाऱ्या गाड्या कुठे थांबतील, ते आत्ताच ठरायला हवं.

परतीची घाई नसेल तर दक्षिणेला सुटा. वेळणेश्वर, मग हेदवी. तिथली बामणघळ भरतीच्या वेळीच बघायची, खडकाच्या चिरेत लाट घुसते आणि पाणी कारंज्यासारखं उसळतं. कडेला सेल्फीसाठी अजिबात जाऊ नका. पुढे तवसाळ, पुन्हा फेरीबोट, आणि पलीकडे जयगड. सोमवारची मीटिंग? कोकणात नेटवर्क नाही, हे कारण अजून चालतं!