एक हजार एक डब्यांची गाडी आणि तिचे प्रेक्षक

जगबुडीनंतर जी मूठभर माणसे उरतील ती तरी एकमेकांशी समतेने वागतील काय? हा प्रश्न संध्याकाळच्या करमणुकीचा नव्हे, असे कोणी म्हणेल. तथापि याच प्रश्नावर उभारलेली 'स्नोपियर्सर' ही मालिका 17 मे 2020 रोजी अमेरिकेत टी. एन. टी. या वाहिनीवर सुरू झाली. तिच्या भगिनी वाहिनीवरील प्रेक्षक धरून पहिल्या रात्री सुमारे 33 लाख लोकांनी ती पाहिली. पुढे नेटफ्लिक्सद्वारे ती भारतातही पोचली. येथील आपल्या काही कुटुंबांत तिच्यावरून जे वाद झाले ते आम्ही ऐकले आहेत, आणि त्यांत थोडा भागही घेतला आहे.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात सांगतो. पृथ्वीचे वाढते तापमान खाली आणण्याच्या नादात शास्त्रज्ञांनी ती गोठवून टाकली आहे. सुमारे तीन हजार माणसे एका आगगाडीत जगत आहेत. ही गाडी 1001 डब्यांची असून ती पृथ्वीभोवती अखंड फिरते. थांबली की सारे गारठून मरणार. पुढे पहिला वर्ग, मग दुसरा, मग कष्टकऱ्यांचा तिसरा, आणि सर्वांत मागे, गाडी सुटताना विनातिकीट घुसलेल्यांचे अंधारे डबे. मागच्यांनी बंड केले तर शिक्षा म्हणून एकाचा हात गाडीबाहेर काढून गोठवतात. एका खुनाचा तपास करण्यासाठी मागच्या डब्यांतील लेटन नावाच्या जुन्या गुप्तपोलिसाला पुढे बोलावले जाते, आणि येथून कथेला गती मिळते.

मूळ कल्पना लोब आणि रोशेट या फ्रेंच जोडीच्या, 1982 साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या चित्रकथेची. तिच्यावर कोरियाचे दिग्दर्शक बाँग जून-हो यांनी 2013 मध्ये चित्रपट काढला. त्याच बाँग यांच्या 'पॅरासाइट'ला फेब्रुवारी 2020 मध्ये ऑस्कर मिळाले, त्यामुळे मालिकेची चित्रपटाशी तुलना होणे अपरिहार्यच होते. चित्रपटात मागचे लोक एकेक दार फोडीत इंजिनापर्यंत जातात. तेथे यंत्राच्या मोडलेल्या भागाच्या जागी लहान मुले राबत असल्याचे दिसते. असे एकदा पाहिलेले विसरता येत नाही. मालिकेला दर आठवड्याला नवे काही हवे असते, म्हणून तिने खून, तपास, प्रेमप्रकरणे आणली. 'वर्गलढ्याची पोलिसी कथा केली' हा येथील अनेक परीक्षकांचा आणि प्रेक्षकांचा पहिला आक्षेप होता, आणि पहिल्या दोन-तीन भागांपुरता तो आम्हांस मान्य आहे.

परंतु पहिल्या मालिकेच्या मध्यावर त्या खुनाचा जो निवाडा होतो तो अवश्य पाहावा. आरोपी पहिल्या वर्गातील धनिकांची मुलगी. तिसऱ्या वर्गाचे लोक पंचमंडळात आपला माणूस हवा म्हणून अडून बसतात. ती दोषी ठरते, आणि मग 'मिस्टर विल्फर्ड' या अदृश्य मालकाच्या नावाने तिची शिक्षा माफ होते. हा विल्फर्ड गाडीत नाहीच. त्याच्या नावाने कारभार पाहते ती मेलनी ही बाई, स्वतः इंजिनीयर. तिने त्याला मागे टाकून गाडी पळवलेली असते. जेनिफर कॉनेली यांनी ही भूमिका इतक्या संयमाने केली आहे की पुष्कळ प्रेक्षक तिच्याच बाजूचे झाले. 'तिने खोटे सांगितले, पण तीन हजार जीव वाचवले' हा युक्तिवाद आम्ही चहाच्या टेबलावर कितीदा ऐकला! असे बोलणाऱ्यांपैकी कोणीही स्वतःला शेवटच्या डब्यात कल्पीत नव्हते, एवढे आम्ही नमूद करतो.

ती वेळही तशीच होती. साथीमुळे सारे घरात कोंडलेले; एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेतील बेकारीचे प्रमाण 14 टक्क्यांच्या वर गेलेले. किराणा पोचविणारे, रुग्णालये झाडणारे, बस चालविणारे यांना 'अत्यावश्यक' हे मानाचे विशेषण मिळाले होते, पण घरी बसण्याची मुभा मिळाली नव्हती. मालिका तत्पूर्वीच चित्रित झाली असल्याने हा योगायोगच म्हणावयाचा. पण प्रेक्षकांनी तिच्यात आपलेच दिवस पाहिले.

काही अमेरिकन शेजाऱ्यांचे म्हणणे असे पडले की गाडीतले वर्ग ही युरोपची कल्पना, अमेरिकेला ती परकी. हे मत इतिहासाला धरून नाही. 1892 साली लुइझियाना राज्यात होमर प्लेसी यांनी पहिल्या वर्गाचे तिकीट काढले, गोऱ्यांच्या डब्यात बसले आणि अटक करून घेतली. 1896 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निर्णय दिला आणि वेगळ्या डब्यांना कायद्याचे छत्र मिळाले. पुलमन कंपनीच्या शयनयानांत बिछाने घालणाऱ्या कृष्णवर्णीय सेवकांना 1925 मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना उभारावी लागली, आणि कंपनीशी करार व्हावयास 1937 साल उजाडले. मालिकेतील मागच्या डब्यांचा पुढारी कृष्णवर्णीय आहे (डेव्हिड डिग्ज यांचे काम उत्तम), हे आम्ही निव्वळ योगायोग मानीत नाही.

आपल्या मंडळींना तिसऱ्या वर्गाचे नवल ते काय? भारतात तो नावापुरता 1974 मध्ये रद्द झाला. लाकडी फळ्यांवर गादी येण्यास मात्र 1977 साली रेल्वेमंत्री झालेल्या, कोकणातूनच निवडून आलेल्या मधु दंडवते यांची वाट पाहावी लागली. मुंबईत रेल्वेची नोकरी केलेले आमच्या परिचयाचे एक वयोवृद्ध गृहस्थ नातीबरोबर ही मालिका बघत. त्यांना मेलनीचे काही नव्हते आणि लेटनचेही नव्हते. 'गँगमन कुठे आहेत?' एवढेच ते विचारीत. बर्फाने गाडलेला रूळ सात वर्षे कोणी ठोकत नाही, स्लीपर बदलत नाही, खडी भरत नाही, आणि गाडी धावते! गाडीच्या बाहेरच्या दुरुस्तीसाठी जिवावर उदार होणारी माणसे मालिकेत दाखविली आहेत, हे नातीने सांगून पाहिले. 'ती गाडीची, रुळाची कोण?' हे त्यांचे उत्तर. आम्ही वाचलेल्या कोणत्याही परीक्षणात हा प्रश्न आढळला नाही. श्रमिकांची बाजू घेणाऱ्या कथेनेही सर्वांत हलक्या मानल्या गेलेल्या श्रमाला वगळावे, हे वाईट.

आमच्या मते मालिकेचे खरे बळ तिसऱ्या वर्गात आहे, आणि प्रेक्षकांनी नेमके तेच दुर्लक्षिले. शेवटच्या डब्यांचे लोक वर्षानुवर्षे बंड करून हरतात. ते जिंकतात ते तिसरा वर्ग त्यांना मिळाल्यावर. आणि तो मिळतो तो दयेने नव्हे, मालकाचे नाव खोटे होते हे कळल्यावर. तोवर हाच वर्ग आपण निदान शेवटच्या डब्यात नाही या समाधानावर गाडी चालवीत असतो. आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील कारकून, फिटर, परिचारिका, शिक्षक. हे समाधान आपल्या घरांना अगदीच अनोळखी आहे, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे. विजयाची किंमतही कथेने लपविली नाही: सात डबे तोडून टाकावे लागतात, त्यांत लेटनची आपली माणसे असतात, आणि गाडी 994 डब्यांची उरते.

पुढे शॉन बीन यांचा विल्फर्ड जिवंतपणी अवतरतो आणि लढा दोन बाजूंऐवजी एका खलपुरुषाशी होऊन बसतो. नट मोठा, पण कथा लहान झाली. अपवाद रूथ या पात्राचा. मागच्यांचे हात गोठविण्याच्या शिक्षेचे सोपस्कार शिस्तीने पार पाडणारी ही बाई पुढे त्यांच्यासाठीच लढते. ॲलिसन राइट यांनी हा बदल एका भागात उरकला नाही, तो तीन वर्षे हळूहळू होऊ दिला.

चौथी मालिका चित्रित होऊनही टी. एन. टी.ने ती दाखविण्याचे जानेवारी 2023 मध्ये नाकारले. जुलै 2024 मध्ये ए. एम. सी. वाहिनीने ती दाखविली. तोवर पुष्कळ प्रेक्षक पांगले होते. वाद राहिला तो तिसरीच्या अखेरीचा. तेथे गाडी दुभंगते: काही जण लेटनबरोबर, राहण्याजोगी असेल किंवा नसेलही अशा भूमीकडे निघतात, काही मेलनीबरोबर गाडीतच राहणे पसंत करतात. जावे की राहावे हा वाद आपल्या समाजाला नवा नाही, आणि त्या रात्री तो आमच्या दिवाणखान्यात बराच वेळ चालला. नातीने जाणाऱ्यांची बाजू घेतली. आजोबांनी रूळ तिथवर जातो का, एवढे विचारून घेतले आणि ते राहणाऱ्यांत बसले.