एकच कृती, तीन नानकटाया

समजा, लंडनला राहणाऱ्या भाचीकडे पुण्याहून मावशी पाहुणी गेली. सामानात तिने मैदा, वेलदोडे आणि घरच्या नानकटाईची कृती नेली : मैदा, तूप, पिठीसाखर, चमचाभर दही आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. पहिली खेप छान झाली आणि मैदा संपला. दुसऱ्या खेपेला तिथल्या दुकानातले 'सेल्फ-रेझिंग' पीठ घेतले. नानकटाया पसरून एकमेकींना चिकटल्या. तिसऱ्या खेपेला पावाचे 'स्ट्राँग' पीठ वापरले. या वेळी त्या कडक झाल्या. तिन्ही पिठे पांढरी आणि गव्हाचीच! मग असे का व्हावे?

प्रथम दुसऱ्या खेपेचे पाहू. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. दह्यातील आम्लाशी त्याची क्रिया होऊन कार्बन डाय-ऑक्साइड वायू सुटतो. त्याच्या बुडबुड्यांनी नानकटाई हलकी होते. सेल्फ-रेझिंग पिठात सोडा आणि कोरडे आम्लधर्मी क्षार आधीच मिसळलेले असतात. ब्रिस्टल येथील हेन्री जोन्स यांनी १८४५ साली अशा पिठाचे पेटंट घेतले. त्या पिठात आपण पुन्हा सोडा आणि दही घातले, तर वायू गरजेपेक्षा जास्त सुटतो. मऊ गोळ्याला तो पेलत नाही आणि गोळा पसरतो.

दही वगळले तर? भट्टीच्या उष्णतेने सोड्याचे विघटन होऊन वायू सुटेल. पण मागे सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा उरेल. सोडा जास्त पडलेल्या पदार्थाला साबणासारखी चव येते, ती यामुळेच.

आता तिसरी खेप. गव्हात ग्लायडिन व ग्लुटेनिन ही प्रथिने असतात. पाणी घालून मळले की त्यांचे चिवट जाळे तयार होते. त्याला ग्लुटेन म्हणतात. इटलीतील बेकारी यांनी ते पिठातून वेगळे केल्याचा वृत्तांत १७४५ साली प्रसिद्ध झाला. वायू धरून ठेवण्यासाठी पावाला हे जाळे हवेच, म्हणून पावाच्या पिठात प्रथिने जास्त असतात. नानकटाईला मात्र ते नको. तूप पिठाच्या कणांवर लेप देते, पाणी प्रथिनांपर्यंत सहजी पोचू देत नाही. म्हणून नानकटाई खुसखुशीत होते. प्रथिने फार असली की तुपाचे काम अपुरे पडते.

हे तुम्हांलाही पडताळून पाहता येईल.

प्रयोग १ : मूठभर कणीक घट्ट मळून अर्धा तास ठेवा. मग पाण्याच्या बारीक धारेखाली हलक्या हाताने धुवा. पांढरे पाणी जाईल, तो स्टार्च. हातात रबरासारखा गोळा उरेल, ते ग्लुटेन.

प्रयोग २ : चमचाभर खाण्याचा सोडा कोरड्या तव्यावर मोठ्यांच्या देखरेखीखाली दहा मिनिटे तापवा आणि थंड होऊ द्या. दोन पेल्यांत हळदीचे पाणी घ्या. एकात साधा सोडा, दुसऱ्यात तापवलेला सोडा टाका. कोणते पाणी अधिक लाल होते? का?

आणि आता विचार करून सांगा : शंकरपाळ्यांच्या पिठात आई कडकडीत मोहन कशासाठी घालते?